नसलेल्या गोष्टींची यादी

बजेट फोनबद्दल कोणी तक्रार केली की समोरून एक ठरलेला प्रश्न येतो : "एवढ्या पैशांत आणखी काय हवं होतं?" विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षा नसते, त्याला विषय मिटवायचा असतो. तो मिटतोही, कारण अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तक्रार करणाऱ्यालाही पटलेले असते आणि स्वस्त वस्तू घेऊन वर कुरकुर करणे आपल्याला शोभत नाही असे त्याला स्वतःलाच वाटू लागते. गेले काही महिने असा एक फोन वापरत असताना हा प्रश्न मला इतक्यांकडून ऐकावा लागला की अखेर त्याचे नीट उत्तर द्यावेसे वाटले.

कमी पैशांत कमी मिळणार, याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. प्रोसेसर धिमा असणार, पाठ प्लास्टिकची असणार, संध्याकाळनंतर काढलेल्या फोटोंत चेहरे ओळखू येणार नाहीत, हे घेतानाच ठाऊक असते. या गोष्टी फोन हातात घेऊन पाहता येतात, दुसऱ्या फोनाशी ताडून बघता येतात आणि मग परवडेल ते ठरवता येते. चिडचिड होते ती वेगळ्याच कारणाने. फोनमध्ये काय आहे हे सांगणारी यादी लांबलचक असते. काय नाही, याची यादी कुठेच नसते. ती वापरणाऱ्याने आपल्या गैरसोयींतून, एकेक कलम जोडत, स्वतःच तयार करायची असते.

माझ्या यादीतले पहिले कलम होकायंत्राचे आहे. चार रस्ते एकत्र येतात अशा अनोळखी ठिकाणी उभे राहून नकाशा उघडला की पडद्यावर निळा ठिपका दिसतो. बहुतेक फोनांत त्या ठिपक्यातून टॉर्चच्या झोतासारखा एक फिकट निळा पट्टा बाहेर पडतो आणि आपले तोंड कोणत्या दिशेला आहे ते दाखवतो. माझ्या फोनात नुसता ठिपका असतो. डावीकडे वळा असे नकाशा सांगतो, पण कशाच्या डावीकडे, हे त्याला माहीत नसते. मग अंदाजाने एक रस्ता धरायचा, पंधरा-वीस पावले चालायचे, ठिपका कुठे सरकतो ते पाहायचे आणि तो भलतीकडे सरकला की गुपचूप माघारी वळायचे. उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून फोनला आपले ठिकाण कळते, आपले तोंड कुठे आहे हे कळत नाही. फोन हलू लागला की आधीच्या आणि नंतरच्या ठिकाणांवरून दिशा काढता येते, त्यामुळे गाडीत बसलेल्या माणसाला काहीच उणे जाणवत नाही. जागेवर उभ्या असलेल्या माणसाची दिशा कळण्यासाठी मॅग्नेटोमीटर, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजणारी एक इवलीशी चिप लागते. हे क्षेत्र फार क्षीण असते, जमिनीवर साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. तरीही ते मोजण्याचे काम फोनांना नवे नाही. अँड्रॉइडवर चालणारा पहिलावहिला फोन २००८ साली बाजारात आला, त्यात होकायंत्र होते.

मौज अशी की नकाशातली दिशा चुकत असेल तर काय करावे, याचा एकच सल्ला सगळीकडे मिळतो : फोन हातात धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हवेत फिरवा, म्हणजे होकायंत्र ताळ्यावर येईल. होकायंत्र असेल तर ते येतही असेल. पण नसलेल्या होकायंत्रासाठी रस्त्याच्या कडेला उभे राहून हवेत आठ काढणारी किती माणसे जगात असतील, या विचाराने आधी हसू येते आणि पाठोपाठ राग येतो. माझ्यात ही सोय नाही, एवढे एक वाक्य फोनने पडद्यावर दाखवले असते तर त्या माणसांचा हात दुखायचा थांबला असता.

दुसरे कलम फोन कानाला लावल्यावरचे. बोलणे सुरू झाले की पडदा मालवावा आणि फोन कानापासून दूर नेला की उजळावा, हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे काही यंत्रणा असते याचीही आठवण राहत नाही. नेहमीच्या रचनेत पडद्याच्या वरच्या कडेला अवरक्त किरण सोडणारा एक बारीक दिवा आणि परतून आलेले किरण टिपणारा एक सेन्सर असतो. गाल जवळ आला की किरण परततात आणि पडदा बंद होतो. कमी किमतीच्या अनेक फोनांतून हा सेन्सर काढून त्याचे काम सॉफ्टवेअरवर सोपवण्याची पद्धत पडली आहे. कधी कानाशी असलेल्या स्पीकरमधून माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी मायक्रोफोनने टिपायचा, कधी फोनचा कल आणि पडद्याला झालेला स्पर्श यांवरून अंदाज बांधायचा. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. जेव्हा येत नाही तेव्हा पलीकडून अचानक "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" सुरू होते. आपल्याला सगळे स्वच्छ ऐकू येत असते. आपण "येतंय, येतंय" म्हणून घसा कोरडा करतो आणि अखेर फोन कानावरून काढून पाहावा तर पडदा लख्ख उजळलेला, म्यूटचे बटण गालाने दाबलेले आणि वर की-पॅडवर दोन-चार आकडेही उमटलेले. कधी नेमके उलटे घडते. बोलणे संपते, फोन खाली घेतला जातो, तरी पडदा काळाच राहतो. फोन ठेवायचे बटण दिसत नाही आणि निरोप घेऊन झालेली दोन माणसे एकमेकांचे श्वास ऐकत ताटकळतात.

जानेवारी २००७ मध्ये पहिला आयफोन जगापुढे आला तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी मंचावरून त्यातल्या तीन सेन्सरांचा मुद्दाम उल्लेख केला होता : फोन कानाजवळ नेल्याचे ओळखणारा, भोवतालचा प्रकाश मोजणारा आणि फोन आडवा धरला की उभा हे जाणणारा. त्यांपैकी पहिले दोन आज माझ्या हातातल्या नव्याकोऱ्या फोनात नाहीत. प्रकाश मोजणारा नसल्यामुळे उन्हात पडदा विझल्यासारखा दिसतो आणि अंधाऱ्या खोलीत तोच पडदा डोळ्यांत घुसतो. ब्राइटनेसची पट्टी बोटाने पुढेमागे सरकवणे हा दिवसभराचा चाळा होऊन बसतो. न्यायाने बोलायचे तर त्या पहिल्या आयफोनमध्येही पुष्कळ काही नव्हते. त्याला व्हिडिओ काढता येत नसे, आणि मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवण्याची साधी सोय यायला जून २००९ उजाडावा लागला. मात्र या उणिवा पहिल्या दिवसापासून जगजाहीर होत्या, त्यांची भरपूर टिंगल झाली होती आणि घेणाऱ्याने त्या जाणूनच तो फोन घेतला होता. महाग वस्तूच्या उणिवांवर सगळे जग बोलते. स्वस्त वस्तूच्या उणिवा मोजत बसायला कोणाला वेळ नसतो.

त्यातही सेन्सर काढून घेतला एवढ्यावर भागत नाही. त्याच्या जागी नकली उभा करून यादीतली जागा मात्र भरलेली दाखवतात. होकायंत्राच्या बाबतीत निदान ते नाव यादीत नव्हते, पण कानाजवळचा सेन्सर, फोनचे फिरणे मोजणारा जायरोस्कोप अशी नावे यादीत सापडतात आणि त्यांच्या मागेपुढे कुठेतरी "व्हर्च्युअल" असा एक शब्द बारीक टाइपात दडलेला असतो. नकली जायरोस्कोप इतर सेन्सरांच्या आकड्यांवरून आपले उत्तर काढतो, म्हणून चालत्या हाताने काढलेला व्हिडिओ थरथरत राहतो आणि घरात खुर्ची कशी दिसेल हे कॅमेऱ्यातून दाखवणारी ॲप आपला फोन चालणार नाही असे सांगून मोकळी होतात. हे म्हणजे वापरणाऱ्याच्या तोंडाला पाने पुसणे झाले.

याच प्रकारातली सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली रॅमची बेरीज. आठ अधिक आठ, म्हणजे सोळा जीबी. यांतले पहिले आठ खरे असतात. दुसरे आठ म्हणजे फोनच्या साठवणुकीतला एक तुकडा राखून ठेवलेला असतो. खरी रॅम भरली की तिच्यातली मागे पडलेली ॲप तिथे नेऊन ठेवायची आणि हवी तेव्हा परत आणायची. युक्ती जुनी आहे, संगणकांत ती कित्येक दशके वापरली जाते आणि तिच्यात गैर काही नाही. पण साठवणूक रॅमपेक्षा कितीतरी मंद असते, आणि बजेट फोनांत ती बऱ्याचदा ईएमएमसी प्रकारची असते, जिला एका वेळी एकतर वाचता येते किंवा लिहिता येते. महागड्या फोनांतल्या यूएफएस प्रकारच्या साठवणुकीला दोन्ही एकदम जमते. साठवणूक कोणत्या प्रकारची आहे हे खोक्यावर सहसा छापलेले नसते. ज्या आकड्याने फोन जलद भासतो तो ठळक, आणि ज्याच्यामुळे तो प्रत्यक्षात अडखळतो तो गायब, अशी ही मांडणी असते.

मागच्या बाजूच्या कॅमेऱ्यांचेही तेच. मुख्य कॅमेरा एकच, त्याच्या शेजारी दोन मेगापिक्सेलचा एक मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणारा, आणि तेवढाच एक डेप्थ, म्हणजे वस्तूचे अंतर मोजणारा, अशी खोगीरभरती वर्षानुवर्षे चालत आली आहे. मॅक्रोने काढलेल्या पानाच्या शिरा मुख्य कॅमेऱ्याने जरा दुरून काढून कातरल्या तरी जास्त स्पष्ट येतात, आणि माणसामागचा भाग धूसर करण्याचे काम सॉफ्टवेअर एकाच कॅमेऱ्यावरून करू शकते. तरीही ही भिंगे बसवली जातात, कारण ती बाहेरून दिसतात आणि मोजता येतात. होकायंत्राची चिप दिसत नाही. नेमक्या याच ठिकाणी मला "एवढ्या पैशांत" हा प्रश्न लंगडा वाटतो. पैसे कमी होते हे मान्य. पण जे होते ते वापरणाऱ्याच्या उपयोगाला न लावता फोनची पाठ सजवण्यात घातले, आणि ते कशात घालायचे हे माझ्या खिशाने ठरवले नव्हते.

शिवाय काढून घेतलेली प्रत्येक गोष्ट पैसे वाचवण्यासाठीच काढलेली असते असेही नाही. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्वी यांनी १८४९ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहिताना ही गोष्ट ओळखली होती. त्या डब्यांना छप्पर नसे आणि बाके लाकडी असत. छप्पर घालायला रेल्वे कंपनीला फारसा खर्च आला असता असे नाही. पण तिसरा वर्ग जरा बरा झाला तर दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणारे प्रवासीही तिथे येऊन बसतील, ही भीती होती. म्हणजे पावसात भिजायचे ते गरिबाने, आणि धडा मात्र दुसऱ्या वर्गातल्यासाठी. पुढे यंत्रांच्या बाबतीत हेच जास्त सफाईने झाले. आयबीएमने १९९० साली आपल्या लेझर प्रिंटरची स्वस्त आवृत्ती काढली. मूळ प्रिंटर मिनिटाला दहा पाने छापे, स्वस्त प्रिंटर पाच. आणि हा वेग कमी करण्यासाठी त्यात जास्तीची योजना करून छपाई मुद्दाम थांबत-थांबत होईल अशी व्यवस्था केली होती. इंटेलच्या १९९१ मधल्या ४८६एसएक्स चिपमध्ये दशांश आकडेमोडीचा भाग तयार करून मग बंद केलेला होता. तो भाग हवा असलेल्यांसाठी कंपनीने नंतर ४८७एसएक्स नावाची जोडचिप विकली. ती खरे तर अख्खी नवी चिपच होती. बसवल्याबरोबर ती जुनीला निकामी करून सगळे काम स्वतः करू लागे. हा किस्सा मला कितीही वेळा आठवला तरी त्यातल्या निर्लज्ज कल्पकतेचे कौतुक वाटतेच.

फोनांतही याची उदाहरणे आहेत. चित्रपट आणि मालिका दाखवणाऱ्या सेवा फोनची वाइडवाइन नावाची सुरक्षा-पातळी तपासतात. ती एल१ असेल तर स्वच्छ, उच्च दर्जाचे चित्र मिळते. एल३ असेल तर पडदा कितीही चांगला असला तरी चित्र धुरकट, जुन्या टीव्हीच्या दर्जाचे येते. २०१८ साली आलेल्या पोको एफ१ या फोनात त्या वर्षीच्या महागड्या फोनांतलाच स्नॅपड्रॅगन ८४५ प्रोसेसर होता, पण एल१ नव्हते. खूप ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते अपडेटमधून मिळाले. अपडेटमधून मिळाले याचा अर्थ अडचण यंत्रात नव्हती. चार्जिंगच्या यूएसबी टाइप-सी छिद्राचेही असेच : टाइप-सी हा केवळ त्या तोंडाचा आकार आहे, आत बऱ्याचदा २००० साली ठरलेला यूएसबी २.० चा सेकंदाला ४८० मेगाबिटांचा वेग असतो आणि फोन टीव्हीला जोडून चित्र पाहण्याची सोय त्यातून होत नाही. एनएफसीची, म्हणजे फोन यंत्राजवळ नुसता टेकवून पैसे देण्यासारख्या कामांना लागणाऱ्या सोयीची, तऱ्हा तर त्याहून विचित्र. एकाच नावाचा फोन एका प्रदेशात ते घेऊन विकला जातो आणि दुसऱ्या प्रदेशात त्याविना, त्यामुळे परीक्षण वाचून खात्री करून घेणारा चोखंदळ ग्राहकही हमखास फसतो. होकायंत्र काटकसर म्हणून गेले की वरच्या मॉडेलचा भाव टिकवण्यासाठी, हे मला बाहेरून ओळखता येणार नाही. पण ही शंका घेण्याचा हक्क असल्या उदाहरणांनीच ग्राहकाला दिलेला आहे.

नकार देण्याची सभ्य रीत कशी असते, हेही मला याच प्रकारच्या फोनांत पाहायला मिळाले. अगदी कमी रॅमच्या फोनांसाठी गूगलने अँड्रॉइडची गो नावाची हलकी आवृत्ती २०१७ साली काढली. तिच्यात अँड्रॉइड १० पासून एका ॲपला दुसऱ्या ॲपवर तरंगण्याची, म्हणजे संदेशाचा गोल बुडबुडा पडद्यावर वर राहण्याची परवानगी मिळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती द्यायचा प्रयत्न केला तर स्पष्ट मजकूर येतो की ही सोय फोनला मंद करते, म्हणून बंद ठेवली आहे. हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला चक्क बरे वाटले. सोय नव्हतीच, पण का नाही हे कळले, शोधाशोध थांबली आणि मी दुसऱ्या कामाला लागलो. आठ काढत उभ्या राहिलेल्या माणसाला हे एवढेच हवे असते.

स्वस्त फोन घेणाऱ्याला असल्या सोयी लागतात कुठे, असेही एक म्हणणे ऐकू येते. हे मला सर्वांत जास्त खटकते. ज्याच्याकडे महागडा फोन असतो त्याच्याकडे बहुधा लॅपटॉपही असतो, गाडीत वेगळा नकाशा असतो, मनगटावर घड्याळ असते. फोनात एखादी गोष्ट नसली तर ती दुसरीकडे सापडते. ज्याच्याकडे एकच स्वस्त फोन असतो त्याच्यासाठी तोच संगणक, तोच कॅमेरा, तोच स्कॅनर, तेच पाकीट आणि तोच वाटाड्या असतो. पायी चालणाऱ्याला होकायंत्राची गरज गाडीवाल्यापेक्षा जास्त असते, हे वर आलेच आहे. नवा फोन दोन वर्षांत बदलणे ज्याला परवडत नाही त्याला अशी उणीव चार-पाच वर्षे सोबत बाळगावी लागते. चैनीच्या नावाखाली ज्या गोष्टी वगळल्या जातात त्यांतल्या निम्म्या अशा माणसाच्या रोजच्या कामाच्या असतात.

यावर उपाय फार मोठा नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनांना एक लेबल लावावे लागते. त्यावर बॅटरी किती तास चालेल, पडल्यावर फोन कितपत टिकेल, दुरुस्तीला किती सोपा आहे आणि धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित आहे हे ठरलेल्या खुणांनी दाखवलेले असते. ज्या गोष्टी पूर्वी जाहिरातीच्या शब्दांवर सोडल्या होत्या त्या मोजून छापायला लावता येतात, एवढे यावरून सिद्ध झाले आहे. पण त्या लेबलवरही सेन्सरांचा रकाना नाही. असा एक रकाना सगळीकडे सक्तीचा असावा आणि त्यात नेहमीच्या दहा-बारा गोष्टींपुढे आहे, नाही किंवा सॉफ्टवेअरची नक्कल, यांपैकी एक शब्द असावा, अशी माझी मागणी आहे. साठवणुकीचा प्रकार आणि चित्राची सुरक्षा-पातळी यांनाही त्यात जागा मिळावी. तोवर कंपनीच्या संकेतस्थळावर तपशिलांच्या अगदी तळाशी असलेली सेन्सरांची ओळ शोधायची आणि तिच्यात काय लिहिलेले नाही ते वाचायचे, एवढेच घेणाऱ्याच्या हाती उरते. सेन्सरांची खरी यादी दाखवणारी ॲप फुकट मिळतात, पण ती आपल्या हातातल्या फोनचे सांगतात, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर.

माझा फोन तसा वाईट नाही. बॅटरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकते, आवाज खणखणीत आहे, आणि महागड्या फोनांनी हद्दपार केलेले ३.५ मिलिमीटरचे हेडफोनचे छिद्र त्याने सांभाळून ठेवले आहे, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. होकायंत्र नाही असे खोक्यावर लिहिलेले असते तरी कदाचित मी हाच फोन घेतला असता. कानाजवळचा सेन्सर नकली आहे हे लिहिलेले असते तर मात्र नक्कीच घेतला नसता, कारण माझे निम्मे काम फोनवर बोलण्याचे आहे.